वाचकांचे प्रश्न : लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट

प्रश्न : १९९४ च्या लग्नाच्या कॅसेटमध्ये फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. व्हीसीआरवर लावून कॉम्प्युटरवर घेऊ का?

उत्तर : तशीच मुळीच लावू नका! ती बहुधा बुरशी आहे. ती व्हीसीआरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या नाजूक भागावर) बसते, चित्र मुंग्यांनी भरते आणि पुढच्या कॅसेटांनाही लागण होते. आधी जाणकाराकडून फीत साफ करून घ्या. मग एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, म्हणजे ताण सारखा होईल. हेड पुसायला कापसाची काडी नको, धागे अडकून हेड तुटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं शॅमॉय (मऊ चामड्याचा तुकडा) स्थिर धरून ड्रम, म्हणजे हेड बसवलेला फिरता गोल भाग, हाताने फिरवा. पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) कॅसेट ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये, इंटरलेस्डच (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं तशीच ठेवून) साठवा. फोर-केचा मोह टाळा, व्हीएचएसमध्ये मुळात आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो.