प्रस्ताव पाठवण्यापूर्वी
1984 मध्ये स्थापन झालेल्या आयलंड प्रेससारख्या, पर्यावरणविषयक पुस्तके काढणाऱ्या वॉशिंग्टनच्या ना-नफा प्रकाशनसंस्थेकडे पुस्तक द्यायचे असेल, तर हस्तलिखित पूर्ण होईपर्यंत थांबू नका. आधी प्रस्ताव पाठवा. त्यात निसर्गरक्षणाचे महत्त्व पटवण्यात पाने घालवू नका, कारण संपादकाला ते ठाऊकच असते. त्याऐवजी एखादा नगररचनाकार किंवा वनाधिकारी हे पुस्तक वाचून नेमका कोणता निर्णय वेगळ्या रीतीने घेईल, ते स्पष्ट लिहा. ना-नफा म्हणजे विक्रीची फिकीर नाही, हा समज (तो फार रूढ आहे) मनातून काढा: देणग्या तूट भरून काढतात, वाचक मिळवून देत नाहीत. नमुना प्रकरणे आणि याच विषयावरील आधीच्या पुस्तकांशी प्रामाणिक तुलना जोडा. तज्ज्ञांचे अभिप्राय कठोर आले, तर त्यांना मुद्देसूद लेखी उत्तर द्या.