शंका-समाधान : निबेवर 'जर्मनी', पेन कुठले?

प्रश्न : मुलीचा दहावीचा निकाल लागला म्हणून सीताबर्डीतून ८५० रुपयांचे शाईचे पेन घेतले. निबेवर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' आणि '१८ केजीपी' असे कोरलेले आहे. पेन वजनदार, देखणे आहे. पण ओळीच्या मध्येच शाई तुटते. दुकानदाराने नकली माल दिला का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : शाई तुटते म्हणून पेन नकली ठरत नाही. मात्र ते जर्मनीत बनले, असेही निबेवरून समजू नका. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' हा शिक्का कुणा एका कारखान्याची सही नाही. चीनमध्ये बनणाऱ्या असंख्य स्वस्त निबांवर तो वर्षानुवर्षे मारला जातो. टोकावरचा कठीण मणी आता बहुधा टंगस्टन, रुथेनियम अशा धातूंच्या मिश्रणाचा असतो. 'इरिडियम' हे जुने नाव तेवढे टिकले. 'केजीपी' म्हणजे सोन्याचा मुलामा, आत स्टील. खऱ्या सोन्याच्या निबेवर ५८५ (१४ कॅरेट) किंवा ७५० (१८ कॅरेट) असा आकडा असतो. वजनही पितळी नळीचे आहे, त्यावरून लिखाणाचा दर्जा कळत नाही.

ड्यूक, पिकासो, क्रोकोडाइल ही नावे युरोपातली वाटतात, पण पेने चिनी. आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'हिरो' ठाऊक आहे. शांघायचा तो कारखाना १९३१ साली हुआफू नावाने सुरू झाला आणि १९६६ मध्ये 'हिरो' झाला. तो आपले मूळ लपवत नाही, जिनहाओ हा दुसरा चिनी ब्रँडही लपवत नाही. या दोघांची साधी पेने किमतीच्या मानाने उत्तम लिहितात, हे आम्ही ठामपणे सांगतो. आक्षेप आहे तो परदेशी नावापोटी दुप्पट पैसे घेण्याला. खरे मूळ खोक्यावरच्या लेबलावर शोधा. वेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात मालावर उत्पादनाचा देश आणि आयातदाराचा पत्ता छापावाच लागतो. लेबल नसेल तर पक्के बिल मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता शाई तुटण्याबद्दल. बहुतेक वेळा दोष कारखान्यात राहिलेल्या तेलाचा असतो. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे २ थेंब टाका आणि कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून साठवणारा छोटा पंप) १०-१२ वेळा पाणी ओढून सोडा. मग फेस जाईपर्यंत साध्या पाण्याने तेच करा आणि निब खाली करून पेन रात्रभर टिश्यूवर उभे ठेवा. उकळते पाणी नको, निबेखालची प्लास्टिकची जीभ वाकते.

तरीही तुटत असेल तर १० पट मोठे दाखवणारे भिंग लावून टोक समोरून बघा (इतवारीच्या सराफ्यात कुणीही क्षणभर देईल). दोन पाती (निबेच्या चिरेच्या दोन्ही बाजू) एका पातळीत हव्यात. एक वर असेल तर नखाने अलगद खाली दाबा, सोडा, पुन्हा बघा. घाई केली की दुसरीच बाजू खाली बसते. पाती एकमेकींना घट्ट चिकटल्या असतील तर ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी निबेच्या छिद्रापासून टोकाकडे दोन-तीनदा फिरवा. पाती सरळ आहेत, फट ठीक आहे, पण प्रत्येक शब्दाचा पहिला फटकाराच उमटत नाही, तर टोकाच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्या आहेत आणि शाई कागदाला टेकतच नाही. अशा वेळी घासत बसू नका. गेलेला मणी परत येत नाही. जिनहाओ एक्स४५० किंवा एक्स७५० असेल तर निब व जीभ रबराच्या तुकड्यात धरून सरळ ओढली की निघतात. तिथे ३५ मिलिमीटरची ६ नंबरची चांगली निब बसते, आपल्या देशात बनणारी कॅनराइटचीसुद्धा.

प्रश्न : मे महिन्यात खिशातले पेन गळते, आणि टेबलावर ठेवलेले सुकते. एकाच पेनात दोन्ही कसे?
— एक वाचक, महाल

उत्तर : अर्ध्या भरलेल्या कन्व्हर्टरमधली हवा एसीतून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आली की फुगते आणि शाई बाहेर ढकलते. म्हणून उन्हाळ्यात पेन पूर्ण भरा, निब वर करून ठेवा, गाडीत सोडू नका. सुकण्याचे कारण टोपण. खटक्याने बसणाऱ्या बऱ्याच टोपणांत हवा शिरते आणि आपल्या कोरड्या हवेत चार दिवसांत शाई दाट होते. फिरकीचे टोपण बरे. दाट झालेल्या शाईत पाणी घालू नका, पेन धुऊन नवी भरा.

प्रश्न : दुसऱ्या पेनचा कन्व्हर्टर चिनी पेनला चालेल का?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : तोंडाचे माप बघा. चिनी पेनांत २.६ आणि ३.४ मिलिमीटर असे दोन प्रकार चालतात. मोठ्या तोंडाचा कन्व्हर्टर पेनातल्या लहान नळीवर सैल बसतो आणि गळतो. लहान तोंडाचा मोठ्या नळीवर जोराने बसवला तर फाटतो. दुकानात जाताना पेन सोबत न्या.