रस्टमधला सामायिक बेस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

रस्ट या ऑनलाइन गेममध्ये आपण लॉगआउट केलं तरी आपला बेस, म्हणजे आपण बांधलेलं घर, सर्व्हरवर उभा राहतो, आणि आपलं पात्र आत झोपलेलं असतं. त्यामुळे यावेळचे बहुतेक प्रश्न ‘आम्ही नसताना काय झालं’ याबद्दलच आहेत.

प्रश्न: आम्ही चौघे मिळून खेळतो. सगळ्या भिंती पत्र्याच्या केल्या, तरी सकाळी बघतो तर पेट्या रिकाम्या. भिंती जशाच्या तशा. चुकलं कुठे?

दरवाजांत. रेड करणारा, म्हणजे दुसऱ्याचा बेस फोडून लुटणारा, लुटीपर्यंतची सगळ्यात स्वस्त वाट शोधतो. त्याच्या बाजूने हिशोब मांडून बघा. सी-फोर हे स्फोटक, आणि असं एक बनवायला २२०० सल्फर लागतं. पत्र्याच्या भिंतीला चार सी-फोर, म्हणजे ८८००. पण पत्र्याचा साधा दरवाजा एकाच सी-फोरमध्ये उडतो. बाहेरून लुटीच्या खोलीपर्यंत असे तीन दरवाजे असतील, तर ६६०० मध्ये त्याचं काम झालं. मग तो भिंतीला हात कशाला लावेल?

वाटेवर गॅरेज डोअर लावा. एकाला दोन सी-फोर किंवा तीन रॉकेट लागतात, आणि बनवायला ३०० मेटल फ्रॅगमेंट्स आणि दोन गिअर पुरतात. तीन गॅरेज डोअर म्हणजे त्याला १३,२०० सल्फरचा खर्च. आता भिंत स्वस्त पडते, म्हणजे तो भिंतीतून येणार. म्हणून टीसी (टूल कपबोर्ड, त्या जागी बांधायचा हक्क देणारं कपाट) आणि लुटीच्या खोलीभोवती हनीकोंबचा, म्हणजे रिकाम्या कप्प्यांचा, आणखी एक थर द्या. दार आणि भिंत यांची किंमत साधारण सारखी होईपर्यंत दोन्ही आलटून पालटून वाढवत न्यायची. रॉकेटचा स्फोट आजूबाजूलाही लागतो, तेव्हा दोन दरवाजे खेटून लावू नका. आणि चौघांची लूट एका खोलीत तर अजिबात नको.

प्रश्न: नवीन मुलगा टीममध्ये घेतला. दोन दिवसांत आतूनच सगळं साफ. आता कोड द्यायचा तरी कुणाला?

माणसं घेणं थांबवू नका, नाहीतर मोठा बेस सांभाळायला हातच उरणार नाहीत. फक्त सगळ्यांना सगळं उघडं ठेवू नका. कोड लॉकला मुख्य कोडशिवाय गेस्ट कोडही ठेवता येतो. गेस्ट कोडवाला दार उघडतो, पण लॉक काढू शकत नाही की कोड बदलू शकत नाही. नव्या माणसाला बाहेरच्या दारांचा गेस्ट कोड आणि बाहेरच्याच खोलीत त्याची स्वतःची पेटी द्या. टीसीवर वेगळं लॉक हवं, आणि त्याचा कोड दोघांकडेच. टीसी ज्याच्या हातात, बांधकाम त्याच्या हातात.

कुणी सोडून गेलं की बहुतेक टीम कोड बदलतात आणि निर्धास्त होतात. पण त्याची स्लीपिंग बॅग, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठायची जागा, आतच असते! तो बाहेर कुठेही मरतो आणि तुमच्या बेसच्या मधोमध उठतो, सगळी दारं मागे टाकून. म्हणून आधी त्याच्या बॅगा शोधून फोडा. मग टीसीवरची परवानगी असलेल्यांची यादी क्लिअर करून उरलेल्यांना पुन्हा ऑथराइज करा, आणि मग कोड बदला.

प्रश्न: बेस वाढवला तसा टीसीतला दगड भराभर संपतोय. अजून दोन मजले चढवायचे आहेत, आणि मध्येच परीक्षा आहे.

आधी परीक्षा. मजले तसेही नकोत. अपकीपचा, म्हणजे बेस टिकवायला टीसीतून रोज जाणाऱ्या सामानाचा, दर आकाराबरोबर चढतो. पहिल्या थोड्या ब्लॉकना रोज बांधकाम खर्चाच्या १० टक्के, आणि मोठ्या बेसच्या शेवटच्या टप्प्यात जवळपास ३३ टक्के. तिथे ३०० दगडांची एक भिंत रोज १०० दगड खाते. टीसी रिकामी झाली की दगडी भिंती सुमारे पाच तासांत कोसळतात, पत्र्याच्या आठ तासांत. तुमची एक झोप पुरते.

भट्ट्या हलवून थोड्या अंतरावर, मुख्य बेसला न जोडलेल्या छोट्या इमारतीत न्या आणि तिला स्वतःची टीसी द्या. तिचा अपकीप खालच्या दराने लागतो, शिवाय त्या भागात शत्रूला रेड टॉवर, म्हणजे हल्ल्यासाठीचा मनोरा, उभारता येत नाही. परीक्षेच्या दिवसांत टीसी भरायचं काम एकाच्या नावावर लावा. ‘कुणीतरी भरेल’ म्हटलं की कुणीच भरत नाही.

प्रश्न: आमची दगडी भिंत कुणीतरी चक्क पिकॅक्सने फोडली. हे शक्य आहे?

आहे. भिंतीची मऊ बाजू, म्हणजे साध्या हत्यारांनीही फुटणारी बाजू, बाहेर राहिली असणार. लावल्यापासून दहा मिनिटांत हातोड्याने ती फिरवता येते, नंतर नाही.

प्रश्न: रेड सुरू असतानाच आम्ही ऑनलाइन आलो, तर पहिलं काय करायचं?

सगळ्यांनी एकाच दाराकडे धावू नका. एकाने टीसीपाशी थांबायचं. टीसी तुमच्याकडे आहे तोवर त्या जागी बांधायचा हक्क तुमचा, त्यांना तिथे बांधता येत नाही. भिंतीला भगदाड पडलं की तिथे नवी भिंत टाकून लगेच दगडी करा. त्यांचे आणखी दोन सी-फोर गेले. यासाठी बिल्डिंग प्लॅन, हातोडा, थोडं लाकूड आणि हजारभर दगड टीसीजवळच्या पेटीत कायम ठेवा. धावपळीत शोधायला वेळ मिळत नाही.

बाकीच्यांपैकी जो मरेल त्याने बाहेरच्या बॅगेवर उठून त्यांच्या मागून यायचं. या बॅगा एकमेकींपासून बऱ्याच लांब ठेवा. जवळजवळ असल्या तर एकीवर उठल्याबरोबर शेजारच्या बॅगांचाही, पुन्हा वापरण्याआधी थांबायचा, टायमर सुरू होतो.