स्पायना बायफिडा किती बाळांना होतो? आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता, मग वहिनीच्या बाळाला कसा?

वहिनींना आधी सांगा, यात त्यांचा काहीही दोष नाही. ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे आमच्या खानापूर भागात अजून बोलतात. ते साफ खोटं आहे. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत, बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळण्याआधीच, बाळाच्या मणक्याची नळी मिटायची राहून जाते. भारतात मेंदू-मणक्याचे असे दोष १००० जन्मांमागे साधारण ४ बाळांत दिसतात. स्पायना बायफिडा त्यांतलाच एक. बहुतेक घरांत तो आधी कुणालाच नसतो. आईला मधुमेह असेल किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर धोका वाढतो (गोळी मनाने बंद करू नये). पुढच्या खेपेला दिवस राहण्याच्या आधीपासूनच फॉलिक ॲसिड हवं, तेही नेहमीचं ४०० मायक्रोग्रॅम नव्हे, ४ ते ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांकडून लिहून घेऊन.