बाहुलीशेजारी उभा राहील असा नवरदेव

प्रश्न : माझ्याकडे बार्बी आणि तिच्या मापाच्या बाहुल्यांचा मोठा संग्रह आहे, पण पुरुष बाहुले मोजकेच आहेत. दुकानांत एखाद-दुसरा प्रकार मिळतो आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच वाटतात. नऊवारी नेसवलेल्या बाहुलीशेजारी शोभेल असा नवरदेव मला हवा आहे. जुना किंवा वेगळ्या मालिकेतला बाहुला घेऊन त्याचे रूप पालटता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की येईल, आणि मनासारखा बाहुला दुकानात येण्याची वाट पाहण्यापेक्षा मी हाच मार्ग सुचवेन. मात्र शोधाची सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. चेहरा पुसून पुन्हा रंगवता येतो, डोकेही बदलता येते. उंची, खांद्यांची रुंदी आणि सांधे मात्र आहेत तसेच स्वीकारावे लागतात. म्हणून आधी बांधा निवडावा.

बार्बी साडेअकरा इंचांची आहे आणि ती बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९६१ साली तिच्या जोडीला आणलेला केन बारा इंचांचा. ही मापे माणसाच्या साधारण एक-षष्ठांश धरली जातात. २०१७ मध्ये केनचे सडपातळ आणि रुंद बांध्याचे प्रकारही निघाले, त्यामुळे एका केनचे कपडे दुसऱ्याला बसतीलच असे नाही. जुन्या खेळण्यांच्या विक्रीत डिस्नेच्या राजपुत्रांचे याच मापाचे बाहुले आढळतात. त्यांचे कपडे हरवलेले असले, तरी आपल्या कामाला ते उत्तम. १९६४ च्या जी. आय. जो याच्यापासून सुरू झालेल्या बारा इंची सैनिकी बाहुल्यांचे कोपर आणि गुडघे वाकतात, ही मोठीच सोय आहे. पण त्यांपैकी अनेकांची छाती आणि दंड इतके भरलेले असतात, की केनसाठी शिवलेला अंगरखा त्यांच्या अंगात जात नाही. नवरदेवाला पाटावर मांडी घालून बसवायचे असेल, तर बार्बी लुक्स मालिकेतला सांधेवाला केन शोधावा. पाठीवर उमटवलेल्या सालावरून वय ठरवू नये. ते साल साच्याचे असते आणि तोच साचा पुढे अनेक वर्षे वापरला जातो.

डोके बदलताना ते काही मिनिटे गरम पाण्यात धरावे, म्हणजे त्याचे व्हिनाइल, म्हणजे लवचीक प्लॅस्टिक, मऊ होते आणि मानेच्या खुंटीवरून न फाटता निघते. दोन कंपन्यांच्या खुंट्या सारख्या नसतात आणि त्वचेच्या छटाही क्वचितच जुळतात. उंच गळ्याच्या अंगरख्याखाली हा फरक झाकला जातो. कारखान्यातला रंग ॲसिटोनने निघतो, परंतु कडक प्लॅस्टिक त्याने विरघळते, म्हणून आधी मानेमागे, दिसणार नाही अशा जागी थेंबभर लावून पाहावे. नंतर मॅट वार्निशचा पातळ थर देऊन जलरंगाच्या पेन्सिलींनी भुवया आणि मिशी रेखावी. डोक्याबरोबरच साच्यात घडवलेले केस रंगवण्याची गरज नाही, कारण ते फेट्याखाली झाकले जातील.

हे सारे अलीकडच्या, भरपूर मिळणाऱ्या बाहुल्यांवरच करावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या केनचे केस मखमलीसारखे चिकटवलेले होते आणि पाणी लागले की ते गळत. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी साच्यातले केस आले. असा एखादा जुना केन कुणाच्या माळ्यावर सापडला, तर त्याला धुऊ नये आणि रंगवूही नये. नवरदेव दुसरा मिळेल, ते केस पुन्हा येणार नाहीत.

धोतरासाठी सर्वांत तलम मलमल घ्यावी. साडेचार मीटर लांबीच्या धोतराचा सहावा भाग म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटर. पण कापडाची जाडी त्या प्रमाणात घटत नसल्याने निऱ्या फुगतात, तेव्हा साठ सेंटिमीटर पुरेत. फेट्याचे लाल किंवा गडद रंगाचे कापड रंग सुटेनासा होईपर्यंत धुऊन घ्यावे आणि आत पांढरे अस्तर लावावे, कारण व्हिनाइलमध्ये मुरलेला डाग सहसा निघत नाही.