पडक्या दगडी घराभोवतीच रानफुले इतकी दाट का उगवतात?

पडक्या दगडी घराभोवती रानफुले आसपासच्या माळापेक्षा दाट दिसतात, याचे एक महत्त्वाचे कारण तिथली बदललेली माती हे आहे. भिंतींच्या सांध्यांतील चुना पावसाबरोबर झिरपून माती अल्कधर्मी करतो, तर राख, शेण आणि खरकटे यांतून साचलेला फॉस्फरस (वनस्पतींचे एक पोषकद्रव्य) मातीच्या कणांना इतका घट्ट धरून राहतो की वस्ती उठून शतके लोटली तरी तो टिकतो. पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्तीचा माग काढताना मातीतील फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचे संयुग, मोजतात, ते याच आधारावर. मात्र घर मातीच्या गाऱ्यात बांधलेले असेल, तर चुन्याचा मुद्दा गैरलागू ठरतो. आणि अंगणाच्या कडेने रांगेत उगवणारी कंदवर्गीय फुले (अनेकांची फसगत इथेच होते) बहुधा रानटी नसून कधीकाळी कुणी लावलेलीच असतात.