तिसऱ्या दिवसाचा स्कॅन फाइलीत लावू नका (माझं झालंय तसं होईल)

तुमच्या घोड्याच्या दुखापतीची पोस्ट दोनदा वाचली. पुढचा उजवा पाय, मागच्या बाजूचं वरवरचं फ्लेक्सर टेंडन (पाय वाकवणारी, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, रिपोर्टात 'किरकोळ इजा', आणि आता विमावाले म्हणतायत किरकोळ आहे तर स्टेम सेल (जखमेत टोचायच्या मूळ पेशी) कशाला, आधी विश्रांती देऊन बघा. अहो, ही माझीच गोष्ट आहे, आमच्या घोडीचा पाय डावा होता एवढाच काय तो फरक.

थंड पाणी, पट्टी, तबेल्याबाहेर न सोडणं हे सगळं चालूच असेल, ते सांगत बसत नाही. मी डॉक्टर नाही, एका घोडीपुरता अनुभव आहे, तेव्हा काहीही करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. पण एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, तिसऱ्या दिवसाच्या स्कॅनवर भरवसा ठेवू नका. धागे तुटले की जखम तिथेच थांबत नाही, पुढचे काही दिवस सूज आणि एंझाइम्स मिळून आजूबाजूचे चांगले धागेही खात जातात, वर रक्त साचलेलं असलं की स्क्रीनवर जखम नीट काळी दिसतही नाही. आमच्या घोडीच्या पहिल्या स्कॅनला टेंडनच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता. बाराव्या दिवशी पुन्हा बघितलं तर टेंडनचा तिसरा हिस्सा काळा, आणि पायाची मागची सरळ रेषा पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली.

माझा गाढवपणा असा की मी घाईघाईने तो पहिलाच रिपोर्ट पाठवून मोकळा झालो होतो. फाइलीत टेंडनचा '10 टक्के' भागच जखमी हा आकडा बसला तो बसलाच. दुसरा रिपोर्ट पाठवला तर 'दोन अहवालांत तफावत आहे, खुलासा करावा'. डॉक्टरांनी खुलासा लिहून दिला तर तो लेटरहेडवर नाही. लेटरहेडवर दिला तर संबंधित साहेब रजेवर. आणि फोनवरच्या बाईंनी मला अगदी शांतपणे विचारलं, "जखम वाढली म्हणजे मधल्या काळात तुम्ही घोडीला पळवलंत का?" पळवलं!! जी घोडी दारापर्यंत यायला तयार नव्हती तिला! नाव घेत नाही कुणाचं, पण त्या ऑफिसात एकानेही आयुष्यात घोड्याच्या पायाला हात लावला नसावा.

आता हे एवढं का सांगतोय, तर या उपचारात वेळेलाच सगळी किंमत आहे. पहिली सूज ओसरलेली हवी आणि आत व्रणाची गाठ बसायच्या आत पेशी टोचल्या पाहिजेत, म्हणजे ढोबळमानाने महिनाभराच्या आसपास. छातीच्या हाडातून बोनमॅरो (हाडातला मगज, त्यातूनच या पेशी मिळतात) काढला (उभ्या उभ्या, गुंगी देऊन होतं, घाबरू नका) की लॅबमध्ये पेशी वाढवायला दोन ते चार आठवडे जातातच. म्हणजे मॅरो पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काढायला हवा, नंतर उपचार नाहीच करायचा ठरलं तर पेशी गोठवून ठेवता येतात. मी मात्र मंजुरीशिवाय मॅरोसुद्धा काढायचा नाही म्हणून बसून राहिलो. इंजेक्शन झालं अकराव्या आठवड्यात. डॉक्टर स्क्रीनकडे बघत सुई नेमकी जागेवर नेत होते, पण आत पोकळी उरलीच नव्हती, सिरिंजचा दट्टा अंगठ्याने रेटावा लागत होता, आणि सुई बाहेर काढल्यावर एक थेंब भादरलेल्या कातडीवरून खुरापर्यंत ओघळत गेला. मोतद्दाराने तो सवयीने फडक्याने पुसून टाकला. कोटभर पेशींतल्या किती त्या फडक्यात गेल्या देव जाणे.

हेही विचारून घ्या की जखम आतल्या आत बंद आहे का. चारही बाजूंनी चांगले धागे असतील तर पेशी तिथे धरल्या जातात, जखम कडेला फुटलेली असेल तर गळून जातात. चरबीतून काढलेल्या पेशी दोन दिवसांत मिळतात हे खरंय, पण त्या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी नसून वेगवेगळ्या पेशींचं मिश्रण असतं. माझा कल मॅरोकडे, पण माझ्या कलाला काय विचारता. आणि हो, टोचताना त्याच सिरिंजमध्ये अमिकासिन हे अँटिबायोटिक घालतायत का ते जरूर विचारा, त्याने या पेशी मरतात.

जादू वगैरे समजू नका. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या लोकांनी 2003 मध्ये पहिली केस छापली, मग 2012 मध्ये 113 रेसच्या घोड्यांचा किमान दोन वर्षांचा हिशोब दिला, त्यात पुन्हा इजा झाली 27 टक्क्यांच्या आसपास. आधीच्या उपचारांच्या छापलेल्या आकड्यांपेक्षा हे बरंच कमी आहे, पण तुलना त्या जुन्या आकड्यांशीच होती, शेजारी उपचार न केलेले घोडे ठेवून केलेली नव्हती. त्यामुळे शंभर टक्के बरा करतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा. आणि नस डागून घ्या म्हणणारे काका प्रत्येक तबेल्यात एक असतातच, त्यांना नमस्कार करून पुढे चला.

नंतरचं वर्ष जास्त कठीण असतं. घोडा काही आठवड्यांत लंगडायचा थांबतो, पण आत अजून कच्चं कोलॅजन (टेंडनचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन) असतं, पक्कं व्हायला महिनोन् महिने लागतात. आधी हातात धरून चालवणं, मग दुडकी, आणि प्रत्येक पायरी वाढवायच्या आधी स्कॅन. हे आम्ही अगदी काटेकोर पाळलं, तरी दुसऱ्या सीझनला जुन्या जागेच्या बोटभर वर पुन्हा फाटलं. लवकर टोचलं असतं तर ही दुसरी इजा टळली असती का, सांगता येत नाही, पण मनातून जात नाही. आता ती फक्त चालते आणि मूड असला तर थोडी दुडकी.

तुम्ही अजून दुसऱ्या आठवड्यात आहात ना? मग उद्याच डॉक्टरांना फोन करून मॅरोची तारीख घ्या आणि दुसरा स्कॅन ठरवा. विमावाल्यांना लेटरहेडवर एवढंच लिहून द्यायला सांगा की पहिला स्कॅन प्राथमिक होता, 10 ते 14 दिवसांनंतरचा ग्राह्य धरावा. पोच घ्या, सही-शिक्क्याची. दुसऱ्या स्कॅनला किती टक्के आलं ते इथे टाका.